डब्याच्या बीअरला चव आणायची कशी: दारूबंदीच्या जिल्ह्यातून मामाची शिकवणी

रविवारी सकाळी संत्र्याच्या झाडांना पाणी सोडून मी बांधावर टेकलो की मेलबर्नहून भाच्याचा फोन येतो. आधी आईची तब्येत, मग पाऊसपाणी, मग खरा विषय. "मामा, याही खेपेले तसंच झालं. पातळ पाणी, अन् मागून लोखंड चाटल्यावानी चव. डब्बाच खराब असन काय?"

डबा, म्हणजे घरी बीअर करायला दुकानात मिळणारा आटवलेल्या रसाचा डबा, सहसा खराब नसतो. मी स्वतः नऊ वर्षं तिकडे गोदामात काम केलं, भाड्याच्या घरामागच्या शेडमध्ये चाळीसेक वेळा बीअर केली, आणि पहिल्या सात-आठ खेपा भाच्यासारख्याच बिघडवल्या. त्याला तुकड्यातुकड्यानं जे फोनवर सांगितलं, ते इथे सलग लिहितो आहे.

त्याआधी कायद्याचं. मी राहतो आर्वी तालुक्यात, म्हणजे सेवाग्रामच्या वर्धा जिल्ह्यात. इथे दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ साली लागली आणि २०२१ साली उठली. पण बंदी नसलेल्या यवतमाळ-अमरावतीतही १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं परवान्याशिवाय घरी बीअर करणं गुन्हाच आहे. त्यामुळे गावी परतल्यापासून मी ज्वारीच्या आंबिलीपलीकडे काही आंबवलेलं नाही. ब्रिटननं घरगुती बीअरसाठी लागणारा परवाना १९६३ साली काढून टाकला, अमेरिकेत केंद्राचा कायदा १९७८ साली बदलला, ऑस्ट्रेलियातही स्वतःपुरती बीअर करायला मोकळीक आहे. हा लेख तिकडे असलेल्या आपल्या पोरांसाठी आहे. इथल्या कोणी वाचून पिंप आणायला निघू नये.

डब्यात असतं काय

जवाला मोड आणून, वाळवून (यालाच माल्ट म्हणतात), भरडून, गरम पाण्यात मुरवून जो गोड रस निघतो तो आटवून काकवीइतका घट्ट करतात. त्यात हॉप्सचा, म्हणजे एका वेलीच्या फुलांचा, कडूपणा आधीच घातलेला असतो. तोच १.७ किलोचा डबा. झाकणाखाली पाच-सात ग्रॅम यीस्टची पुडी असते आणि सोबत सूचना: एक किलो साखर घाला, २३ लिटर करा, २१ ते २७ अंशांत ठेवा, आठवड्यात बाटल्या भरा.

या सूचना खोट्या नाहीत. तशी बीअर होते. पण त्या अशा माणसासाठी लिहिलेल्या असतात ज्याला स्वस्तात आणि लवकर हवी आहे. चव बिघडते ती नेमकी याच ओळींमुळे: साखर जास्त, पाणी जास्त, उष्णता जास्त, धीर कमी. आमचा भाचा मात्र दुसऱ्या टोकानं सुरुवात करतो. बीअर पातळ लागली की हॉप्स टाकतो, तरी नाही जमलं तर मध, त्यानंतर दालचिनी. भाजीला मीठच नसेल तर वरून कोथिंबीर किती घालशील बाप्पा?

म्हणून मी क्रम असा धरतो. आधी तापमान आणि यीस्ट, मग साखरेच्या जागी माल्ट, मग पाणी, आणि हॉप्स-मसाले सगळ्यात शेवटी.

तापमान: अर्धी चव इथेच

माझी पहिली खेप जानेवारीतली. तिकडे तो भर उन्हाळा. पत्र्याच्या शेडमध्ये पिंप ठेवलं, बाहेर ३८ अंश. तीन दिवसांत बुडबुडे थांबले आणि मी खूश, काय झटपट काम झालं! प्यायला बसलो तर पिकलेल्या केळ्याचा वास, घशात जळजळ आणि दुसऱ्या दिवशी डोकं ठणकलेलं. यीस्ट गरम जागेत घाईनं काम करतं. त्या घाईत फळांसारख्या वासाची एस्टर आणि जड अल्कोहोल तयार होतात. ती नंतर कशानंही निघत नाहीत.

साध्या एल प्रकाराच्या (थंडगार नव्हे, खोलीच्या तापमानाजवळ आंबणाऱ्या बीअरच्या) यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. हे तापमान खोलीचं नव्हे, पिंपातल्या द्रवाचं धरायचं. आंबताना तो स्वतःच तापतो, आणि जोरात आंबण चालू असताना खोलीपेक्षा तीन-चार अंश वर सहज जातो. खोली २२ वर असेल तर आत २५-२६ समजा. काचेला चिकटवतात तसली थर्मामीटरची पट्टी पिंपाला बाहेरून लावा, तिचा आकडा पुरेसा खरा असतो.

आता थंड कसं ठेवायचं? आपल्या माणसाला हे शिकवायला लागू नये. मे महिन्यात आमच्या अंगणात ४५ अंश असताना ओलं पोतं गुंडाळलेल्या रांजणातलं पाणी मी मोजलं, २७ भरलं. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर ज्या न्यायानं चालतो त्याच न्यायानं हे. पिंप एका मोठ्या टबात ठेवा, टबात हातभर पाणी, पिंपाला जुना टॉवेल असा गुंडाळा की त्याचं टोक पाण्यात बुडेल, समोर छोटा पंखा. मेलबर्नमध्ये उन्हाळ्यात तापलेल्या दिवशी हवा बरीचशी कोरडी असते, म्हणून हे तिथे छान चालतं. जिथे हवा दमट, तिथे आपला कूलर श्रावणात जसा नुसता चिकचिक करतो तसंच होणार. तिथे बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ टबात बदला. भाच्यानं शेवटी कोणाचा तरी जुना फ्रिज उचलून आणला आणि त्याला तापमान ठरवणारं यंत्र जोडलं. ते सगळ्यात उत्तम, पण पहिल्या दिवसापासून लागत नाही.

पहिले तीन-चार दिवस सगळ्यात महत्त्वाचे. चव तेव्हाच ठरते. नंतर उलट तापमान दोन-तीन अंश वाढू द्या, म्हणजे यीस्ट मागे राहिलेलं लोण्यासारख्या वासाचं डायअसेटिल स्वतःच खाऊन टाकतं. इथे घाई केली की बीअरला लोण्याचा नाहीतर हिरव्या सफरचंदाचा वास राहतो. आमचा भाचा त्या सफरचंदाला "आंबूस" म्हणत होता आणि जंतू शिरले समजून अख्खं पिंप मोरीत ओततही होता. दोन पिंपं गेली अशी.

यीस्ट

झाकणाखालची पुडी डब्यासोबत महिनोन् महिने गोदामात तापलेली असते. मी गोदामातच होतो, म्हणून सांगतो. ती फेकू नका, उकळत्या पाण्यात घातलीत तर मेलेलं यीस्ट जिवंत यीस्टचं खाद्य होतं. पण मुख्य कामाला वेगळी, ताजी, फ्रिजमध्ये ठेवलेली ११-१२ ग्रॅमची पुडी घ्या. सेफएल यूएस-०५ हे स्वच्छ चवीचं, सहज मिळणारं यीस्ट. सुरुवातीला दुसरीकडे बघायची गरज नाही.

यीस्ट घालण्यापूर्वी रस भरपूर हलवा, उंचावरून ओता, फेस येऊ द्या. सुरुवातीच्या वाढीला यीस्टला प्राणवायू लागतो. आणि आंबण सुरू झाल्यावर मात्र हवा अजिबात लागू द्यायची नाही, नाहीतर महिन्याभरात भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. रस २० अंशांच्या जवळ आल्याशिवाय यीस्ट घालू नका. आंबिलीला आजी बोट बुडवून बघायची, तुम्ही थर्मामीटर बुडवा.

साखरेची जागा माल्टला

किलोभर साखरेतून अल्कोहोल होतं, अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, काही येत नाही. सगळी साखर आंबून जाते आणि मागे पाणचट, कोरडी बीअर उरते. त्या किलोऐवजी किलोभर कोरडी माल्ट पावडर घाला, हॉप्स नसलेली, फिकी. आणि २३ ऐवजी २० लिटरवर थांबा. बाकी काहीच केलं नाही तरी एवढ्यानं लगेच फरक कळेल. खर्च वाढतो, हे खरं. मधला मार्ग हवा तर अर्धा किलो माल्ट आणि पाव किलो डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची साखर).

गुळाचं विचारणारे पुष्कळ भेटतात. गुळातली साखरही आंबूनच जाते आणि मागे नुसती काकवीची खारट-तुरट छटा राहते. स्टाऊटसारख्या गडद बीअरमध्ये दीड-दोनशे ग्रॅम चालून जातो, फिक्या बीअरमध्ये घालू नका. भाच्यानं एकदा किलोभर घातला होता. त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

डबा घेताना तारीख बघा. जुना रस डब्यातच काळवंडतो आणि भाचा ज्याला लोखंड म्हणतो ती चव बरेचदा तिथूनच येते. जितका नवा तितका बरा. दुकानात सवलतीच्या टोपलीत पडलेला डबा मी कधी घेतला नाही, म्हणजे पहिल्या दोननंतर घेतला नाही.

पाणी

बीअरमध्ये नव्वद टक्क्यांवर पाणीच असतं, आणि पाण्यानं काय होतं हे विदर्भातल्या माणसाला काय सांगायचं. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीला पाणी असून पिता येत नाही. आमच्याही विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. असलं जड पाणी फिक्या बीअरचा कडूपणा खरखरीत करतं. डब्याच्या बीअरला एक सोय मात्र आहे: लागतील ते क्षार रसासोबत आलेलेच असतात, म्हणून हलकं, मऊ पाणी नेहमी बरं. नळाचं पाणी जड असेल तर निम्मं आरओचं मिसळा.

शहराच्या नळात त्रास असतो क्लोरीनचा. यीस्ट आणि क्लोरीन मिळून दवाखान्याच्या पट्टीसारखा वास तयार होतो, आणि तो इतका थोडा असला तरी जाणवतो की लोक सगळा दोष डब्याला देतात. पाणी पंधरा मिनिटं उकळून गार करा. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीनचाच जास्त टिकणारा प्रकार) असेल तर नुसतं उकळून भागत नाही, तिथे कॅम्पडेनची (मेटाबायसल्फाइटची) अर्धी गोळी चुरून घाला, २० लिटरला पुरून उरते.

प्रत्यक्ष दिवस

आदल्या रात्री पंधरा-सोळा लिटर पाणी उकळून, झाकून, फ्रिजमध्ये किंवा थंड जागी ठेवा. सकाळी पिंप, चमचा, झाकण, नळी, सगळं आधी धुवा, मग निर्जंतुक करा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मळ असेल तिथे औषध पोचत नाही. पिंप तारेच्या घासणीनं घासू नका, ओरखड्यात जंतू घर करतात. धुवावं न लागणारं आम्लाचं निर्जंतुक द्रावण मिळतं, तेच वापरा.

चुलीवर, म्हणजे गॅसवर, मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी ६५-७० अंशांपर्यंत तापवा. त्यात पाव किलो भरडलेला क्रिस्टल माल्ट (भाजून खरपूस-गोडसर केलेला) कापडी पिशवीत बांधून अर्धा तास बुडवून ठेवा, चहाच्या पुडीसारखा. डब्यात नसलेला ताज्या दाण्याचा, खरपूस गोडसर वास इथून येतो. माझ्या मते अंग आणायला माल्ट पावडर आणि जीव आणायला हा पाव किलो दाणा. पिशवी उचला, निथळू द्या, पिळू नका. दाणा उकळलात तर जास्त उकळलेल्या चहासारखा तुरटपणा येतो.

त्या पाण्यात पाव किलो माल्ट पावडर घालून उकळी आणा. उतू जातं, दुधापेक्षाही चपळाईनं, तेव्हा जवळच उभे राहा. उकळी आली की २५ ग्रॅम हॉप्स घाला आणि दहा मिनिटांनी गॅस बंद. डब्यातल्या रसाचा कडूपणा टिकलेला असतो, पण हॉप्सचा सुगंध आटवताना उडून गेलेला असतो. आपण फक्त तो परत आणतो आहोत, म्हणून उकळणं थोडकंच. कोणते हॉप्स? अमेरिकेतला कॅस्केड लिंबू-पपनसाच्या सालीसारखा वास देतो, ऑस्ट्रेलियाचा गॅलेक्सी पिकल्या आंब्याकडे झुकतो, चेक देशातला साझ सौम्य, गवती, मसालेदार. फिक्या एलला कॅस्केड घ्या, फसत नाही.

गॅस बंद केल्यावर डबा आणि उरलेली माल्ट पावडर त्यात विरघळवा. डबा आधी दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवला की रस काकवीसारखा सरसरून उतरतो. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा, पिंपात ओता, थंड पाणी घालून २० लिटर करा. १८ ते २० अंश झाले की घुसळा, यीस्ट वरून भुरभुरवा, झाकण लावा.

यीस्ट घालण्याआधी हायड्रोमीटर बुडवून आकडा लिहून ठेवा. दूध डेअरीवर लॅक्टोमीटर बघितलेल्याला हे कळायला वेळ लागत नाही, द्रव जितका दाट तितकी नळी वर. या मापानं १.०४४ च्या आसपास येईल. आंबून झाल्यावर १.०११-१.०१२. दोन्हींतला फरक १३१ नं गुणला की अल्कोहोलचे टक्के, इथे चारच्या थोडे वर. बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नका, झाकण सैल असेल तर ते सुरूच होत नाहीत, आणि थांबले म्हणजे आंबणं संपलं असंही नाही. सलग तीन दिवस आकडा हलला नाही की संपलं.

त्यानंतरही दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मी एकंदर दोन आठवडे धरतो. हॉप्सचा वास आणखी हवा असेल तर मुख्य आंबण संपल्यावर २५-३० ग्रॅम कोरडे हॉप्स तसेच पिंपात टाका, चार दिवसांत वास उतरतो. जास्त दिवस ठेवले तर गवत चावल्यासारखं होतं.

संत्र्याची साल

भाच्याला गावची आठवण घालायची हौस आली होती, "मामा, आपल्या संत्र्याची साल पाठवा." ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर असल्या गोष्टी कचऱ्यात जातात आणि वर दंड बसू शकतो, म्हणून नाही पाठवली. कल्पना मात्र चांगली आहे. बेल्जियमच्या गव्हाच्या बीअरमध्ये शेकडो वर्षं संत्र्याची साल आणि धणे घालतात. तिथे कडू संत्र्याची साल वापरतात. आपलं नागपुरी संत्रं त्याहून गोड आणि सुगंधी, पण तिकडे मिळेल त्या गोड संत्र्यावर भागवा. गव्हाच्या बीअरचा डबा घ्या, तीन संत्र्यांची नारिंगी साल तेवढी किसा. आतला पांढरा भाग आला की औषधी कडवट होते. दहा-बारा ग्रॅम धणे कढईत न भाजता जाडसर कुटा. दोन्ही शेवटच्या पाच मिनिटांत उकळीत घाला. हा प्रयोग साधी बीअर दोनदा नीट जमल्यावरच करायचा.

बाटल्या

इथे चव कमी, जीव जास्त जपायचा. आंबणं अर्धवट असताना किंवा साखर जास्त घालून भरलेली काचेची बाटली फुटते, आणि ती फुटते तेव्हा तुकडे खोलीभर जातात. नवशिक्यानं जाड प्लॅस्टिकच्या तपकिरी बाटल्या घ्याव्यात. त्या दाबून बघता येतात, टणक झाल्या की वायू धरला.

प्रत्येक बाटलीत चमच्यानं साखर घालण्यापेक्षा एकदम मिसळणं बरं. २० लिटरला १२० ते १३० ग्रॅम डेक्स्ट्रोज थोड्या पाण्यात पाच मिनिटं उकळून दुसऱ्या स्वच्छ पिंपाच्या तळाशी ओता, त्यावर नळीनं बीअर हळूच उतरवा. नळीचं तोंड तळाशी असू द्या, धबधबा नको, हवा लागते. साधी साखर असेल तर ११० ग्रॅम पुरे.

बाटल्या दोन आठवडे २० अंशांच्या आसपास अंधारात, मग निदान दोन आठवडे थंडीत. अंधार यासाठी की ऊन लागलं की हॉप्सचा कडूपणा तुटून मुंगसाच्या बिळासारखा उग्र वास सुटतो. तपकिरी काच थोडं थांबवते, हिरवी आणि पांढरी जवळपास नाहीच. दुसऱ्या आठवड्यात एक बाटली उघडून बघाल आणि निराश व्हाल. सगळेच होतात. तीच बीअर पाचव्या आठवड्यात ओळखू येत नाही. भाच्याची तिसरी खेप त्याला दहाव्या दिवशी नासलेली वाटली होती, नंतर शेडमध्ये विसरलेल्या सहा बाटल्या दोन महिन्यांनी सापडल्या आणि त्यानं मला रात्री अकराला फोन केला.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: तारीख, डबा, यीस्ट, दोन वेळचं तापमान, दोन आकडे, चव. आमच्याकडे कपाशीची फवारणी लिहून ठेवतात तशी. यीस्ट, हॉप्स आणि पाणी एकदम बदललंत तर बिघडलं कशानं हे कळत नाही, आणि जमलं कशानं हे तर त्याहून कळत नाही.

ओतताना बाटली उभीच थंड झालेली असावी. ग्लास तिरपा धरा, एका दमात ओता, मध्ये बाटली सरळ केली की तळचं यीस्ट उसळतं. शेवटचं बोटभर आतच राहू द्या. पोटात गेलं तर अपाय नाही, पण रात्रभर वायू धरतो. भाच्याची बायको ते उरलेलं गुलाबाच्या कुंडीत ओतते.